आतल्या बाजूची फर

माझ्या लाडक्या नातवंडांनो,

परवा व्हिडिओवर बोलताना मोठीनं सहज विचारलं, "आजी, थंडी पडली ना तिकडे? मग मी पाठवलेला फरचा कोट घालून दाखव." मी उठले, कपाटातून नुसती कॉलर आणली आणि गळ्याशी धरली. "आणि बाकीचा कोट?" तो शेजारच्या आजीकडे आहे, मी म्हटलं. "देऊन टाकलास?" दिला नाही, उसवला. त्यावर धाकटा मागून ओरडला, "आजीनं कोटाचा खून केला!" तुम्ही दोघंही हसलात. पण मोठीचं खरं हसू मला ठाऊक आहे. त्यात तिचे डोळे मिटतात, आणि परवा ते मिटले नाहीत. मी समजावून सांगायला लागले, तेवढ्यात इकडची लाइट गेली.

म्हणून हे लिहून काढते आहे. दुसरंही एक कारण आहे. येत्या डिसेंबरात तुम्ही दोघं कारंज्याला येणार, तिकडचे कोट अंगावर घालूनच येणार, आणि बॅगा खाली ठेवायच्या आधी शेजारी धावणार. त्या घराचा उंबरा ओलांडण्यापूर्वी तुम्हाला काही गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. क्रमानं सांगते.

शेजारच्या आजीच्या ओट्यावर बसून तुम्ही लहानपणी तिळाच्या पापड्या खाल्ल्यात, पण ती कशी राहते याकडे तुमचं लक्ष गेलं नसेल. ते जैन घर. सूर्य मावळला की तिथली चूल थंड. कांदा, लसूण, बटाटा नाही. चामड्याच्या चपला तर दाराच्याही बाहेर, पायरीखाली काढायच्या. रेशीम कसं तयार होतं हे कळल्या दिवसापासून तिनं रेशमी साडी अंगाला लावली नाही, तेव्हा ती नवी सून होती आणि माहेरची सगळी लुगडी रेशमी होती. मी लग्न होऊन इथे आले, शाळेत इंग्रजी शिकवायला लागले, तेव्हापासून आमच्या दोन घरांच्या मधे एकच भिंत आहे. सगळी गल्ली मला मॅडम म्हणते. तीही म्हणते, पण तिच्या तोंडी त्या शब्दाला मान कमी आणि खोडी जास्त असते. ती माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते.

तिला दमा आहे आणि बोटं संधिवातानं वाकडी झाली आहेत. आपल्याकडची थंडी तुमच्या बर्फासारखी नसते हे खरं, पण रब्बीच्या पाण्यानं शेतं ओली असतात, पहाटेचं वारं त्यांच्यावरून येतं, आणि अशा सकाळी तिला साधी साडीची पिनसुद्धा लावता येत नाही.

गेल्या थंडीत मोठीचा कोट आला तो ताईच्या घरी लग्नाची गडबड सुरू झाली होती तेव्हाच. मुलाच्या मुलीचं, म्हणजे तिच्या नातीचं लग्न माघात ठरलं होतं. रात्री जेवायचं नाही म्हणून त्यांच्यात लग्नं दिवसाच होतात, आणि मुहूर्त निघाला होता सूर्य उगवल्यावर लगेचचा. जागा ठरली मंगरूळपीर रस्त्यावरचं लॉन. वर आभाळ, चारी बाजूंना ओलिताचा हरभरा.

त्या घरात एक रीत आहे. नवरीच्या शालूचं टोक आणि नवऱ्याच्या उपरण्याचं टोक यांची गाठ घरातली सगळ्यांत मोठी बाई बांधते. हे काम तिच्या सासूनं तिच्याकडे दिलं आणि त्यानंतर घरातल्या प्रत्येक मुलीची गाठ ताईनंच बांधली आहे. ही शेवटची नात. हिची गाठ आपल्या हातानं बांधायची, एवढंच तिचं मागणं होतं. मुलगा म्हणत होता, आई, तू घरूनच व्हिडिओवर आशीर्वाद दे, गाठ काकू बांधतील. काकू म्हणजे ताईची धाकटी जाऊ. आदल्या वर्षी अशाच थंडीत तिला दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. तो घाबरला होता, त्यात त्याची चूक नव्हती.

आता कोट.

पार्सल उघडलं तेव्हा आधी मीच दचकले. तांबूस, लांब केसांची, टोकाला काळसर झाक असलेली फर. हुबेहूब कोल्हा. मोठी, तुझी निवड चांगलीच होती. बाजारात मिळणाऱ्या खोट्या फरसारखी ती चमकत नव्हती, केसांत हात घातला तर गुंतत नव्हता. मी तो साध्या पांढऱ्या सुती साडीवर घातला, तुला फोटो पाठवला आणि सकाळच्या फेरीला निघाले. ज्या कुत्र्याला मी रोज पोळी घालते, तो मला बघून भुंकत भुंकत मागे सरकत गेला. ताई फाटकात उभी होती.

"अवं माय! मॅडम, तू हायस का अस्वल? कोन्या जत्रेतून सुटून आली वं?"

"नातीनं पाठवलाय कोट. बघ किती हलका आहे."

मी फाटकाशी गेले तशी ती एक पाऊल मागे झाली. थट्टा तिच्या चेहऱ्यावरून पुसली गेली होती.

"कोन्या जनावराचा हाय?"

"कुठल्याच नाही. नकली आहे."

"नकली म्हनून सांगतेत. मंग दुकानदार खरंच घालून देते."

ही शंका वाजवी होती. म्हणून मी तिला अंगणात बसवलं आणि खरी फर, खोटी फर कशी ओळखायची ते दाखवलं. हे तुम्हीही शिकून घ्या, कारण लेबलावर सगळंच लिहिलेलं असतं असं नाही. केस दोन्ही बाजूंना फुंकून किंवा बोटांनी पाडून मुळाशी बघायचं. खरी असेल तर खाली कातडं दिसतं. खोटी असेल तर कापडाची वीण दिसते, ओळीनं विणलेली. दुसरी खूण केसाच्या टोकाची. खरा केस टोकाला बारीक होत जातो, खोटा बहुतेक वेळा कापल्यासारखा बोथट असतो. तिसरी परीक्षा आगीची. मी दोनचार धागे उपटले, चिमट्यात धरले आणि काडी लावली. धागे आकसले, त्यांचा कडक मणी झाला आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. मग माझ्या फणीतला केस तसाच जाळला. त्याचा वास निराळा, तुम्हाला माहीत आहेच.

ताईनं तो मणी हातात घेऊन नखानं टोकरून पाहिला. "खरंच प्लास्टिक हाय," ती म्हणाली.

मला वाटलं झालं. मी लगेच म्हटलं, "मग लग्नाच्या दिवशी हाच घाल. हलका आहे, ऊब भरपूर, लोकरीसारखे तंतू उडत नाहीत, तुला खोकला येणार नाही. गाठीपुरती दहा मिनिटं काय, सगळं लग्न बसून बघशील."

तिनं हात पुढे केला. कोटाला लागायच्या आधीच मागे घेतला.

"नाई घालत."

"आता तर पाहिलंस ना?"

"पाह्यलं. खोटं हाय हे मले समजलं. पन दिसते तं जनावरच ना?" मग थोडं थांबून म्हणाली, "लहानपनी होळीले गाठ्या यायच्या ना, साखरेच्या? त्याच्यात घोडे असायचे, हत्ती असायचे. सगळ्या गल्लीचे पोट्टे कडाकडा खायचे. माह्या बाबांनी आमाले कधी खाऊ नाई देल्ले. गोल चकत्या खा म्हने, घोडा नोको. मी लय रडली. साखरच तं हाय ना बाबा? त बाबा म्हने, तोंडात साखर असते बेटा, पन मनात घोड्याची मान मोडते. आता तू सांग, माह्या अंगावर प्लास्टिक असन. मनात काय असन?"

मी वर्गात शिकवायची सवय झालेली बाई. एक कारण संपलं की दुसरं माझ्याकडे तयार असतं. पण तिला माहिती कमी पडत नव्हती, म्हणून माहिती देऊन उपयोग नव्हता. मी कोट घरी नेऊन खुंटीला लावला.

त्यानंतर त्यांच्या घरी रंगीत तालीम झाली. मुलगा अखेर एवढ्यावर आला होता की आई नीट गरम कपड्यांत येणार असेल तर येऊ दे. मलाही बोलावलं होतं. आत पातळ स्वेटर, त्यावर जाड स्वेटर, त्यावर मुलाचं जाकीट, कानाला मफलर. सकाळी अंगणात खुर्ची मांडून तिला बसवलं, आणि नातीनं एका हातात ओढणीचं टोक आणि दुसऱ्या हातात टॉवेलचं टोक धरून गाठीसाठी पुढे केलं.

ताईचे हात वरच येईनात. जाकिटाच्या बाह्या कोपरात अडत होत्या. उघडी राहिली होती ती नेमकी बोटं, आणि ती गारठून ताठ झाली होती. तिनं दोन टोकं एकमेकांवर ठेवली, ती घसरली. पुन्हा ठेवली. लोकरीनं खोकला सुरू झाला. नात हसत म्हणाली, "आजी, तू तं कोबीचा गड्डा दिसून राह्यली." ताईही हसली. मग म्हणाली, "राहू दे बेटा, काकूच बांधन."

एवढंच बोलली, आणि मफलर सोडवत बसली. तोही तिला सुटेना, मी सोडवला.

मोठी, तुझ्या कोटाचं जे झालं ते या सकाळमुळे झालं.

घरी येऊन मी कोटाकडे बघत बसले आणि मला माझ्या आईचा कोट आठवला. माझ्या वडिलांची काही वर्षं डोंगराळ गावी बदली झाली होती. तिथल्या शिंप्यानं आईला एक लांब कोट शिवून दिला होता. बाहेरून साधं करडं कापड. कोणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही असं. आत मात्र सगळी सशाची फर, खरी. आई नागपुरात परत आली तरी हिवाळ्यात एकदोनदा तो घालायचीच, आणि मी शाळेतून आले की तिच्या कोटाच्या आत शिरून उभी राहायची. फर कशी वापरावी याबद्दल मला जे कळतं ते तिच्याकडून. ती म्हणायची, फर घातली की बाकी सगळं गप्प बसवायचं. जरीकाम नको, लांब हार नको, भडक काठ नको. अंगावर फर एकाच ठिकाणी. कोट असेल तर टोपी साधी, टोपी फरची असेल तर कोट साधा. आणि ज्या थंड गावांत लोक पिढ्यान्‌पिढ्या फर वापरतात, तिथे केस अंगाच्या बाजूला ठेवतात, कारण ऊब तिथेच लागते. केस बाहेर काढून मिरवणं पुढे पैसेवाल्यांनी सुरू केलं. हेही तिचंच.

मी तशीच उठून ताईकडे गेले आणि तिला आईच्या कोटाचं सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकलं. मग विचारलं,

"एका कोटाले किती ससे लागत असन वं?"

त्या फरमध्ये गाल घासताना मला हा प्रश्न कधी पडला नव्हता, आईलाही पडला असेल असं वाटत नाही.

"बरं, ते जाऊ दे," तीच म्हणाली. "तू सांगाले काय आली?"

"तुझ्या सुती साडीची बंडी शिवायची. बाहेर साडी, आत अस्तर म्हणून कोटाची फर. दुलईत कापूस असतो तसं. कोट राहणार नाही, कोल्हा राहणार नाही. बाह्या नाहीत, म्हणजे हात मोकळे. आणि कोटाच्या बाह्यांचे आतून दोन खिसे करीन, हात त्यात ठेवायचे, गाठीच्या वेळी बाहेर काढायचे."

तिच्या पुढ्यात निवडायला घेतलेली मेथी होती, ती एक एक पान खुडत राहिली. हो म्हणायचं की नाही हे तिचं तिलाच ठरवायचं होतं. मी पुन्हा हलका, गरम, खोकला येणार नाही वगैरे काही बोलले नाही.

"एक केस बाहेर नाई दिसला पाह्यजे," ती म्हणाली.

"नाही दिसणार."

"माह्यासमोर नाई कापाचं."

"माझ्या घरीच करीन."

"आनि कापाचं म्हनूच नोको. आमी भाजी तरी कुठं कापतो? सुधारतो म्हनतो. तसा सुधार तुह्या नातीचा कोट." मग एकदम तिचा आवाज बदलला. "पन तिले वाईट वाटन ना वं? पोरीनं आजीसाठी पाठवला."

तेव्हा मी तिला म्हटलं होतं की माझी नात समजूतदार आहे. आता ते खरं करणं तुझ्या हातात आहे.

शिवणाचं थोडं सांगते. तुमच्यापैकी कोणाला कधी फरचा कपडा बेतायची वेळ आली तर उपयोगी पडेल. फर कात्रीनं सरळ कापायची नाही. तसं केलं तर केसही कापले जातात, कड भादरल्यासारखी दिसते आणि घरभर केस उडतात. कपडा उलटा अंथरायचा, मागच्या विणीवर खडूनं रेघ मारायची आणि ब्लेडनं नुसती वीण कापत जायची. मग दोन्ही भाग हळू ओढले की केस आपोआप वेगळे होतात. तरी थोडे उडतातच. म्हणून मी हे सगळं गच्चीत केलं, कोरोनातला मास्क लावून, आणि प्रत्येक तुकडा दोरीवर टाकून इतका झटकला की खालून कोणीतरी ओरडलं, "मॅडम, गोधडी हाय का मांजर?" केसांचा कल सगळीकडे खालीच हवा, वर-खाली झाला तर अंगाला टोचतो. मशीनवर शिवताना केस सुईत अडकायला लागले, तेव्हा मशीन बंद करून हातशिलाई केली. शिवणीत अडकलेले केस बोथट सुईनं एक एक मोकळे केले. इस्त्री अजिबात नाही. खोट्या फरला इस्त्री लागली की ती वितळून दगड होते.

बाहेरच्या बाजूसाठी ताईनं दिलेली साडी मी ओळखली. गर्द मेंदी रंगाची, बारीक काठाची, सुती. थोरल्या मुलीची गाठ बांधताना ती हीच नेसली होती. मी म्हटलं, ही कापू? ती म्हणाली, "पुन्हा कापू म्हनली!"

कोटाची कॉलर एवढी रुंद होती की ती बंडीत कुठेच बसेना. ती बाजूला ठेवली.

लग्नाच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा लॉनवर धुकं होतं. मांडवाच्या कापडातून पाणी ठिबकत होतं, आणि बँडवाले वाजवायच्या आधी हातांवर फुंकरा मारत होते. ताईला पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. मुलगा मागे उभा होता, तिच्या औषधाचा पंप खिशात घेऊन. माझ्या अंगावर माझं नेहमीचं राखी स्वेटर, आणि सगळं लक्ष तिच्या छातीच्या आवाजाकडे. दोन्ही हात तिनं आतल्या खिशांत घातले होते. बाहेरून बघणाऱ्याला एक म्हातारी बाई मेंदी रंगाच्या बंडीत हात दुमडून बसली आहे, एवढंच दिसत होतं.

तिची नणंद येऊन जवळ बसली. त्या फार कडक. त्यांनी बंडीचा काठ चिमटीत धरला. "वहिनी, लय जाड हाय वं. आत काय भरलं?"

मला वाटलं ताई म्हणेल, कापूस. तिनं बंडीची एक कड उलटून सरळ त्यांच्यापुढे धरली.

"मॅडमच्या नातीचा कोट हाय. परदेशातून आला. जनावराचा नाई, प्लास्टिकचा. जाळून पाह्यला."

नणंदबाईंनी वाकून पाहिलं. "मंग लपवला कायले?"

"लपवाले नाई घातला आत. तू इचारलं, मी दाखवला ना? मले दिसू नाई म्हनून घातला. माह्या डोयाले जनावर दिसते त्याच्यात."

नणंदबाईंनी आत हात घातला आणि तो लवकर बाहेर काढला नाही. "गरम तं लय हाय," त्या म्हणाल्या. त्यांच्या अंगावर एक पातळ शाल होती. फेरे सुरू होईपर्यंत त्यांचा एक हात ताईच्या डाव्या खिशातच होता.

मग गुरुजींनी हाक मारली. ताई उठली. नातीनं शालूचा पदर पुढे केला, नवऱ्या मुलानं उपरणं. तेव्हा ऊन नुकतं कुठे मांडवाच्या कडेला लागलं होतं. तिनं खिशातून हात बाहेर काढले. वाकडी तशी वाकडीच होती बोटं, पण ती हलत होती. एक टोक दुसऱ्यावर, खालून वर, आणि ओढून घट्ट. पहिल्याच वेळी. अक्षता पडल्या, आणि मागे तिच्या मुलानं चष्मा काढून पुसला. नात तिच्या कानात काहीतरी म्हणाली. मी नंतर विचारलं, काय म्हणाली? "म्हने, कोबी छान दिसून राह्यला," ताई म्हणाली.

ताई उन्हं चांगली वर येईपर्यंत, जेवणाच्या पंगती उठेपर्यंत बसली. पंप खिशातच राहिला.

मोठी, आता तुझ्यासाठी. तू पाठवलेला कोट सुंदर होता. मी तो घातला असता तर एका हिवाळ्यात एकदोनदा घातला असता, फोटो काढला असता आणि कपाटात ठेवला असता. आमच्या गावात तो घालून मी कुठे जाणार होते? तुझ्या मनात मला ऊब द्यायची होती, ती मी थोडी पुढे सरकवली. आणि अगदीच नावापुरतीही माझ्याकडे राहिली नाही असं नाही. ती रुंद कॉलर मी सोडवून तिला आतून सुती अस्तर लावलं, पुढे एक हुक बसवला, आणि राखी स्वेटरवर ती लावते. दुसरं काहीच नाही, कानातले मोतीसुद्धा छोटे. बँकेत गेले तर तिथली मुलगी म्हणाली, मॅडम, तुम्ही एकदम विमानातून उतरल्यासारख्या दिसता. आईला आवडलं असतं.

ताईच्या घरी जाताना मात्र कॉलर काढते. पहिल्यांदा विसरून तशीच गेले तेव्हा ती दारातूनच म्हणाली, "तुह्या कोल्ह्याले बाहेर बसव, मंग आत ये. चहा ठेवला." दुसऱ्या दिवशी तिच्या ओट्यावर, चपला काढतो त्याच्या वर, भिंतीत एक खिळा ठोकलेला होता. मुलाकडून ठोकून घेतला होता. आता कॉलर तिथे टांगते. एकदा परत निघताना पाहिलं तर ताईच बोटाच्या टोकानं कॉलरचे केस सरळ करत होती. मला पाहून म्हणाली, "धूळ बसली होती."

तर डिसेंबरात तुम्ही जरूर आपापले कोट घालून या. फर नकलीच घ्या. ती अगदी जिवंत वाटावी असा हट्ट धरू नका. निळी, हिरवी, कुठल्याही प्राण्याला नसेल अशा रंगाची असली तरी चालेल, उलट इथे सोयीची पडेल. अंगावर एकच फर, बाकी साधं. आणि शेजारी जाताना खिळ्यावर टांगा. खिळा एकच आहे, तुम्ही दोघं येणार म्हटल्यावर ताईनं अजून दोन ठोकायला सांगितले आहेत.

आईच्या कोटातली सशाची फर कसरीनं खाल्ली. मी तो पेटीतून काढला तेव्हा आत नुसता भुगा होता, बाहेरचं करडं कापड तेवढं धड राहिलं. मोठी, तुझ्या कोटाला कसर लागत नाही. बंडी उन्हाळाभर ताईच्या ट्रंकेत होती, या आठवड्यात तिनं ती बाहेर काढली, झटकली, आणि आज सकाळी ती अंगात घालून, हात खिशात ठेवून ओट्यावर बसली होती.